मागच्या सीटवरची झोप

“झोपा,” मॅडम म्हणाल्या.

डुलकीभाऊंनी मान हलवली, पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. शेजारी हिशेबनीस बसले होते. पुढे चाक धरून ड्रायव्हरदादा, त्यांच्या बाजूला मॅडम, आणि पार मागे, सामानाच्या जागेत, टाय लावलेला शोरूमवाला गुडघे हनुवटीला लावून बसला होता. गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर पडली. सगळे श्वास रोखून एका माणसाच्या झोपेची वाट बघत होते आणि त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच झोप येत नव्हती.

ही वेळ त्यांच्यावर त्यांच्याच कीर्तीने आणली होती. त्यांचं ऑफिस नद्या-ओढ्यांच्या पाण्याची उंची मोजणारं. मोजायच्या पट्ट्या डोंगरात रोवलेल्या. तिथवर जाणारा रस्ता अर्धा डांबरी, अर्धा दगडगोट्यांचा आणि उरलेला नुसता म्हणायला रस्ता. डुलकीभाऊंचं काम पट्टी वाचायचं आणि आकडा सांगायचा. ते काम दोन मिनिटांचं, बाकी सगळा दिवस गाडीत. त्यामुळे गाडीचं दार लागलं की त्यांची मान हिशेबनिसांच्या खांद्यावर पडायची. घोडे विकून झोपणारी माणसं असतात; डुलकीभाऊ घोडे, खोगीर आणि तबेला सगळंच विकून झोपत.

पण त्यांच्या झोपेला पारख होती. मध्यंतरी जुनी गाडी दुरुस्तीला गेली, तेव्हा भाड्याने एक दणकट गाडी आली. तिच्यात डुलकीभाऊ दिवसभर टक्क जागे बसले. दुसऱ्या दिवशी अर्धं ऑफिस कंबर धरून रजेवर गेलं. पुढे असं दोन-तीनदा झालं आणि ही गोष्ट मॅडमच्या ध्यानात राहिली.

मग जुनी गाडी कायमची बसली. डोंगरात चालेल अशी नवी मागवायची ठरली आणि जितकी तोंडं तितकी मतं झाली. हिशेबनीस म्हणाले, जिला तेल कमी लागतं ती घ्या. भांडारवाले म्हणाले, उंच घ्या. ज्यांचा गाडीशी काडीचा संबंध नव्हता त्यांना टायरबद्दल फार ठाम मतं होती. कोणी म्हणे चिखलाचे टायर हवेत, हे असे ठोकळे असलेले. कोणी म्हणे ते डांबरावर किंचाळतात, सगळ्या रस्त्यांना चालणारे घ्या. शेवटी एक पांढरी आणि एक हिरवी अशा दोन गाड्यांवर वाद अडला, तेव्हा मॅडमनी टेबलावर हात आपटला.

“बस्स! माणसांचं तोंड खोटं बोलतं. डुलकीभाऊंची झोप खोटं बोलत नाही. दोन्ही गाड्या त्यांच्या त्यांच्या टायरसकट एकाच रस्त्यावर न्यायच्या. ज्या गाडीत भाऊ झोपतील ती घ्यायची. विषय संपला.”

सगळे हसले. डुलकीभाऊही हसले, आणि मनातून फुगलेसुद्धा. घरी त्यांच्या झोपेला कोणी विचारत नव्हतं. घर दोन खोल्यांचं. वडिलांचा खोकला रात्रभर चाले, बायकोचं शिवणयंत्र अकरापर्यंत खडखडे आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचं बाळ पहाटे जागं होई. तक्रार कोणाची करणार? वडील खोकायला मोकळे होते, बायको घरखर्चाला हातभार लावत होती आणि बाळ बाळच होतं. भाऊंच्या वाट्याला झोप यायची ती गाडीत. तिथे त्यांना कोणी हाक मारत नसे. कारण गाडी ड्रायव्हरदादा चालवत.

ड्रायव्हरदादांचं हे एक होतं. मागे भाऊ झोपले की ते गाणी बंद करत, खड्डा आला की वळसा घालत आणि कोणी मोठ्याने बोललं तर आरशातून डोळे वटारत. या उपकाराबद्दल दोघांत एक शब्दही कधी निघाला नव्हता. पण भाऊंना सगळं कळत होतं, अगदी झोपेतही.

म्हणून चाचणीच्या आदल्या संध्याकाळी दादांनी त्यांना गाडीखान्याच्या मागे बोलावलं आणि सदरा वर केला, तेव्हा भाऊंनी वाकून पाहिलं. कमरेला हातभर रुंद पट्टा आवळलेला होता.

“हे कधीपासून रे?”

“बरेच दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, दणके बंद करा, नाहीतर गाडी बंद करा.”

“मग मॅडमना सांग की.”

“सांगितलं की फाटकावर बसवतील. माझ्या आधीच्याला नाही बसवलं?” दादांनी सदरा खाली ओढला. “भाऊ, फाटक उघडायचं, फाटक लावायचं. अरे, ते फाटक कुठं जात नाही रे. आहे तिथंच असतं.”

मग दादा मुद्द्यावर आले.

“मी दोन्ही गाड्या बघून आलो. हिरवी आहे ना, तिच्या मागच्या स्प्रिंगा पाट्यांच्या, दगडासारख्या. त्यात ते चिखलाचे टायर. एक खडा आला की थेट मणक्यात. पांढरीच्या स्प्रिंगा गुंडाळीच्या, टायर मऊ. ती मला अजून पुष्कळ वर्षं चालवता येईल. तू फक्त पांढरीत झोप आणि हिरवीत जागा राहा. मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही.”

“एवढंच ना?” भाऊ म्हणाले. “झोपायला काय अक्कल लागते?”

त्या रात्री खोकला थांबला, यंत्र थांबलं, बाळसुद्धा शहाण्यासारखं झोपलं. पण भाऊंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. जबाबदारीने झोपायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि आता पांढरी गाडी गोट्यांच्या रस्त्याला लागली होती. गाडी खरोखर गुणी होती. दगड चाकाखाली आले की ती किंचित दबायची आणि पुन्हा वर यायची, बस्स. कोणी झोळीत घालून नेल्यासारखं वाटत होतं. एरवी भाऊ केव्हाच गेले असते. पण मिटल्या डोळ्यांपुढे तो रुंद पट्टा दिसत होता आणि झोप गाडीच्या आसपासही फिरकत नव्हती. शेवटी त्यांनी सोंग घेतलं. मान हळूच हिशेबनिसांच्या खांद्यावर सोडली, तोंड थोडं उघडलं आणि एक घोरणं काढलं.

“झोपले!” शोरूमवाला मागून कुजबुजला.

“नाही,” हिशेबनीस म्हणाले.

“अहो, घोरतायत की.”

“घोरू देत.” हिशेबनीस कडक इस्त्रीचा सदरा घालणारे, एकटे राहणारे, शिस्तीचे गृहस्थ. इतकी वर्षं त्या सदऱ्याच्या डाव्या खांद्याची इस्त्री भाऊंनी मोडली होती. “मॅडम, हे डोकं मी रोज वाहतो. खऱ्या झोपेत ते कलिंगडाएवढं जड होतं. आत्ता त्याचं वजन पपईएवढंही नाही. मान धरून ठेवलीय यांनी. आणि खऱ्या झोपेत घोरण्याच्या शेवटी शिट्टी असते. शिट्टी कुठाय?”

भाऊंनी घाईघाईने शिट्टी काढली. ती जरा जास्तच सुरेल निघाली. मॅडम मागे वळल्या.

“भाऊ, डोळे उघडा. नाही येत तर नाही येत. त्यात लाजायचं काय?”

भाऊंनी डोळे उघडले. आरशातून दादा त्यांच्याकडे बघत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते नुसते बघत होते.

परत येऊन मंडळी हिरव्या गाडीत चढली. ती दिसायला मात्र जबरदस्त होती. टायरचे ठोकळे मुठीएवढे, पुढे लोखंडी आडवा दांडा, चढायला पायरी. “ही कुठेही जाते, मॅडम,” शोरूमवाला म्हणाला. पुन्हा सामानाच्या जागेत कोंबून घेताना मात्र त्याचा चेहरा जरा पडला होता. भाऊंनी मांडीला चिमटा काढला. निदान जागं राहणं तरी आपल्या हातात आहे, रात्रभर तेच तर केलं, असं त्यांना वाटलं.

पण सुरुवातीला लांबलचक डांबरी रस्ता होता आणि त्यावर ते चिखलाचे टायर गाऊ लागले. घूंऽऽऽ, एकाच सुरात, वर नाही, खाली नाही. रात्रभराचं जागरण, पडलेलं मन आणि त्यात ही अंगाई. भाऊंनी दुसरा चिमटा काढायला बोटं उचलली, ती तिथेच राहिली.

डोळे उघडले तेव्हा गाडी शोरूमच्या दारात उभी होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

“कलिंगड!” हिशेबनीस ओला खांदा पुसत जाहीर करत होते. “पूर्ण कलिंगड! आणि शिट्टीसकट!”

“ओढ्यातले ते धोंडे!” मॅडम कौतुकाने म्हणाल्या. “माझं डोकं दोनदा छताला लागलं, तरी हे उठले नाहीत. हीच घेऊ या. तुमचे कागद आणा.”

भाऊंनी पुढे पाहिलं. दादा गाडीतून उतरत होते. आधी एक पाय, मग दोन्ही हातांनी दार घट्ट धरून दुसरा. उतरल्यावर ते टायरकडे निरखून बघत असल्यासारखे वाकून उभे राहिले. बराच वेळ तसेच. ते टायर बघत नव्हते, त्यांना सरळ होता येत नव्हतं, आणि हे तिथे फक्त भाऊंना कळत होतं. एवढ्या वर्षांत या माणसाने एक गोष्ट मागितली आणि तिच्यावर आपण घोरलो, या विचाराने भाऊंना स्वतःची इतकी लाज वाटली की झोप खाड्कन उतरली.

“मॅडम,” ते म्हणाले. “सही करू नका. मी झोपलो नव्हतो.”

“काय?”

“सोंग होतं. दोन्ही गाड्यांत.” आवाज बारीक झाला होता, पण थांबण्यात आता अर्थ नव्हता. “आणि आजच नाही. मी गाडीत कधीच झोपत नाही. आजवर एकदाही नाही. टायर बदलायला कोणी उठवू नये, कोणी गप्पा मारू नयेत, म्हणून डोळे मिटून पडतो.”

मॅडमचा चेहरा पाहवत नव्हता. ऑफिसात एकाच गोष्टीवर त्यांचा पुरता विश्वास होता.

“आणि ती लाळ?” त्यांनी विचारलं.

“सवयीने जमते.”

मॅडम हिशेबनिसांकडे वळल्या. जगात एकाच माणसाचा खांदा हे खोटं उघडं पाडू शकत होता. हिशेबनिसांनी भाऊंकडे पाहिलं, मग आपल्या खांद्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण फसलो असं चारचौघांत कबूल करायचं, की काही वेगळं म्हणायचं, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर उमटून गेला.

“मला पहिल्यापासून माहीत होतं,” ते ताठ मानेने म्हणाले. “म्हटलं, आपण कशाला बोला.”

“धन्य आहात दोघे!” मॅडमनी पेन मिटलं. “मग आता गाडी ठरवायची कोणी? झोपणारा जागा, खांदेवाले मुके. दादा, तुम्ही सांगा. चालवायची तुम्हाला आहे.”

इतका वेळ त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. दादा एव्हाना सरळ झाले होते.

“पांढरी घ्या, मॅडम. चिखल वर्षातून चार दिवस असतो, दगड बारा महिने. चिखलाच्या दिवसांत मी टायरमधली हवा थोडी कमी करीन, पांढरीही निघेल. आणि या टायरांचा आवाज दिवसभर ऐकलात तर घरी गेल्यावर तुमचंच डोकं गुणगुणत राहील.”

“डोकं तर आधीच दुखतंय,” मॅडम म्हणाल्या आणि पांढरीच्या कागदांवर सही झाली.

ऑफिसात ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. डुलकीभाऊंचा ‘सोंगाड्या’ झाला. कोणी त्यांना टायर बदलायला लावलं, कोणी पाण्याचे डबे उचलायला. मॅडम काही दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, टायरही बदलले. पण खरी शिक्षा पांढरी गाडी आल्यावर सुरू झाली.

पहिल्याच फेरीला ती गाडी गोट्यांवरून अशी काही चालली की मॅडम घाट चढायच्या आत झोपल्या. पाठोपाठ भांडारवाले गेले. हिशेबनीसही, ज्यांनी आजवर दुसऱ्याची झोप सांभाळली, ते खिडकीला डोकं लावून घोरू लागले. भाऊ मात्र मधोमध ताठ बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पापण्या मणामणाच्या झाल्या होत्या. एकदा जरी मान पडली आणि कोणी पाहिली, तर ते खरंच झोपतात हे सिद्ध झालं असतं आणि मग शोरूमच्या दारात ते खोटं का बोलले, हे विचारायला मॅडमना वेळ लागला नसता.

दादांनी आरशातून पाहिलं.

“भाऊ, सगळे झोपलेत,” ते हलकेच म्हणाले. “टेक की जरा.”

“नको. कोणी उठलं तर?”

दादांनी नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली. कमरेला पट्टा होता, पण चेहऱ्यावर वेदना नव्हती. भाऊंनी ते पाहिलं आणि आणखी ताठ बसले. रस्ता वळला आणि खिडकीबाहेर पाण्याचा मोठा, निळा तुकडा चमकला.

“अरे दादा, इथं तळं आहे?”

“आहे की.”

“हे कधी झालं?”

“तू नोकरीला लागायच्या आधीपासून आहे.”

भाऊ मागे वळून, तळं दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. मग सीटच्या कडेवर सरकून बसले आणि दादांच्या कानाशी तोंड नेलं.

“पुढं काय काय आहे ते सांगत चल. थांबू नकोस. थांबलास की मी गेलो.”

दादांनी घसा साफ केला. गाडी चालवताना बोलायची त्यांना सवय नव्हती.

“आता डावीकडं बघ,” ते म्हणाले. “एक पडकी भिंत येईल. तिच्यावर पिंपळ उगवलाय.”

भाऊंनी डावीकडे पाहिलं.