शिरीषाच्या बुंध्याशी

इमारतीसमोरचं शिरीषाचं झाड वाळत चाललं होतं, आणि याला जबाबदार कोण याबद्दल तिथल्या चोवीस बिऱ्हाडांत कुणालाच शंका नव्हती. जुना माळी! दुसरं कोण?

इमारतीचे सेक्रेटरी तर हे छातीठोकपणे सांगत. सगळे त्यांना कर्नल म्हणत. सैन्यात ते कधीच नव्हते. उभी हयात टपालखात्यात गेलेली. पण गाड्या रांगेत लागल्या पाहिजेत, जिन्यात चपला दिसता कामा नयेत, असा त्यांचा दरारा. अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या इमारतीत असतात आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामुळेच इमारती चालतात. कर्नलही मनाने वाईट नव्हते. फक्त आपलंही चुकू शकतं, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी पुढच्या अंगणात भर घालून सिमेंटचे ठोकळे बसवून घेतले. चिखल गेला, गाड्यांना जागा झाली, सगळे खूश. एकटा माळी कुरकुरला होता.

"साहेब, बुंध्याभोवती चार हात तरी मोकळं सोडा. झाड गुदमरेल."

"का? झाड काय नाकाने श्वास घेतं?" कर्नल म्हणाले, आणि जमलेली मंडळी खो खो हसली.

दोन वर्षांनी शेंड्याची पानं पिवळी पडू लागली. त्याच सुमारास एका दुपारी कर्नलनी माळ्याला बुंध्याशी पहार चालवताना पकडलं. बाजूच्या कुंपणाच्या भिंतीकडचे आठ-दहा ठोकळे उखडलेले, खाली हातभर खड्डा.

"माझ्यावरचा राग मुक्या झाडावर काढतोस?"

माळी काहीतरी सांगायला गेला, पण ऐकतो कोण! बारा वर्षं राबलेला माणूस त्याच संध्याकाळी फाटकाबाहेर गेला. बातमी गल्लीभर पसरली आणि आसपासच्या इमारतींनीही त्याला काम दिलं नाही. भिंतीकडचे ते ठोकळे मात्र पुन्हा बसवायचे राहूनच गेले. खड्ड्यात पालापाचोळा साचत राहिला.

यंदा एक जाडजूड फांदी कडाडून खाली आली. मुलं शाळेच्या गाडीची वाट बघत उभी राहतात, नेमकी तिथेच. सुट्टीचा दिवस होता म्हणून निभावलं. सभेत सगळ्यांनी एकच सूर लावला: झाड तोडा.

घरी आल्यावर कर्नलच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, माणूस मरायला टेकला तरी आधी डॉक्टरला बोलावतात. एकदम खांदेकरी नाही."

म्हणून मग झाडांची तपासणी करणाऱ्या एक बाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात लाकडी हातोडी. त्यांनी खोडावर ठकठक करत कान लावला, डहाळ्यांची साल नखाने खरवडली, आणि मग बराच वेळ बुंध्याकडे बघत उकिडव्या बसल्या.

"हे झाड जमिनीत शिरताना रुंद होत नाही. खांब रोवल्यासारखं सरळ जातंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे बुंधा गाडला गेलाय. भर कधी घातली?"

"चार वर्षं झाली. पण त्याचा काय संबंध? झाड तर आत्ता वाळतंय. आमच्या माळ्याने मुळं तोडली, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"कुठे?"

कर्नलनी भिंतीकडचा खड्डा दाखवला. बाईंनी पाचोळा बाजूला सारला, मूठभर माती उचलून कर्नलच्या तळहातावर ठेवली. काळी, ओलसर, भुसभुशीत माती. दोऱ्यासारखी बारीक, कोवळी मुळं त्या मातीत दाटून आली होती.

"आता वर बघा."

कर्नलनी मान वर केली. रस्त्याकडच्या फांद्या काटकुळ्या, उघड्या. आणि भिंतीकडच्या तेवढ्या तीन फांद्या हिरव्यागार!

"मुळांनाही हवा लागते, काका. वरून सिमेंट थापलं की ती हळूहळू गुदमरतात. झाड साठवणीवर दोन-तीन वर्षं तग धरतं, म्हणून त्यात आपला हात होता हे दिसत नाही. ज्याने हे ठोकळे काढले, त्याने एकही मूळ तोडलेलं नाही. झाड आज उभं आहे ते त्याच्यामुळे. कोण आहे हा माणूस?"

 माती तळहातावर तशीच धरून कर्नल उभे राहिले.

"वाचेल का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अर्धं. रस्त्याकडचा भाग गेला. दोन वर्षं आधी बोलावलं असतंत तर..." बाईंनी हातोडी पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी कर्नल विचारत विचारत शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत पोहोचले. माळी पिशव्यांत माती भरत होता. केस पांढरे झाले होते.

"मी चुकलो," कर्नल म्हणाले. आयुष्यात हे दोन शब्द त्यांनी क्वचितच उच्चारले असतील. "तू झाड वाचवत होतास. परत ये."

माळ्याने हातातली पिशवी भरून बाजूला ठेवली. "त्या दिवशी माझ्या पोरीने विचारलं होतं, 'बाबा, खरंच मारलंत का हो झाड?' मी नाही म्हटलं. पण तिला पटलं की नाही, कुणास ठाऊक. परत नाही यायचं मला, साहेब. इथली रोपं माझं ऐकून घेतात."

कर्नल मान खाली घालून जायला वळले.

"ठोकळे काढताना पहार आडवी धरा," माळी मागून म्हणाला. "सरळ घातलीत तर मुळं दुखावतील."

कर्नल थबकले. "तुझी पोर भेटेल का मला? तिला मीच सांगतो."

ते सांगून आले. सभेतही त्यांनी उभं राहून, काहीही न लपवता, सगळं सांगितलं. पुढच्या सुट्टीला चोवीस घरांतली माणसं अंगणात उतरली. गाड्या रस्त्यावर गेल्या, बुंधा मोकळा झाला. वाळलेला भाग मात्र कापावाच लागला. झाड जगलं, पण एका अंगाने. रस्त्याकडच्या घरांत आता दुपारचं ऊन थेट आत येतं.

मंडळी, आपण केलेली चूक फळाला यायला वर्षं लागतात आणि तोवर दोष द्यायला कुणीतरी गरीब हाताशी सापडतोच. बोट दाखवण्याआधी त्याचं म्हणणं एकदा ऐकून घ्या. उशिरा उमगलेलं सत्य अर्धंच झाड वाचवतं!