दोन हातांवर पाणमांजर

नदीकाठच्या झुडपांच्या आडोशात दडून बसून सहा दिवस झाले, तरी आत्याला पाणमांजर दिसलं नव्हतं. आज शेवटची सकाळ. "जरा पडते गं. आलं तर तू काढ," म्हणत तिने लांब पल्ल्याची लेन्स लावलेला कॅमेरा माझ्याकडे दिला.

"खुशाल झोप. फोटो मिळालाच समज," मी म्हटलं.

आणि ते आलं, पण पलीकडच्या काठावर नाही, थेट आमच्या आडोशासमोर, दोन हातांवर. इतक्या जवळचं त्या लेन्सला दिसतच नाही. कॅमेऱ्यात नुसता धूसर तपकिरी डाग. मी डोकं वर काढलं. त्याच्या मिशांवर थेंब होते. त्याचा श्वास ऐकू येत होता, माझा मी विसरले होते.

ते पाण्यात शिरल्यावर मी पुटपुटले, "आत्या, फोटो नाही मिळाला. फार जवळ होतं."

"बघितलं मी. छोट्या लेन्सचा दुसरा कॅमेरा माझ्या उशाशीच होता," आत्या म्हणाली. "माझाही हात उचलला गेला नाही."