तीन नंबरची रिंग

...रबरी बूच. डब्याच्या झाकणातलं, करंगळीच्या टोकाएवढं, राखाडी. त्यात सुई खुपसून श्रिया पारदर्शक डब्यातली हवा अशी ओढत होती, जणू चिखलाचं रक्तच तपासायला न्यायचंय – आणि मागच्या पायरीवर विळी घेऊन बसलेली जॉर्जिना, बोंबील अर्धा कापून, बघत राहिली.

घरामागे खाडीला लागून त्यांचं खाजण, खाऱ्या चिखलाचं शेत. भात बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी खाडीचं पाणी अडवणारा बांध तिच्या नवऱ्याने, इनासने, मरेपर्यंत राखला. आता नौपाड्याची ही श्रिया कॉलेजच्या संशोधनासाठी दर मंगळवारी येते, चिखलात रोवलेल्या तीन प्लास्टिकच्या रिंगांवर डबा बसवते, आणि चिखल किती मिथेन सोडतो ते मोजते. आज म्हणाली, एक आणि दोन नंबर गरीब गायी आहेत, पण तीन नंबर पंधरापट वायू सोडतोय. गोडं पाणी तुंबलं की असंच व्हायचं. बांध फोडून भरती आत घेतली की हे थांबेल, तिवरं परत येतील, चिखल कार्बन पोटात धरून ठेवील. अहवालात तसंच लिहिणार होती.

तीन नंबरला काय झालंय ते जॉर्जिनाला पक्कं ठाऊक होतं. मासे धुतलेलं पाणी दारात ओतायचं नाही, मांजरं जमतात, ते माडाच्या मुळाशी द्यायचं – सासूची शिकवण. पण माड गेल्या पावसात पडला, आणि पाठोपाठ ही रिंग आली... गोल, गुळगुळीत, काठ असलेली, कुणीतरी आयती मोरी बांधून दिल्यासारखी. चार महिने ती नेमाने तिथेच ओतत होती, वर पोरीला मनातून आशीर्वादही देत होती. आता हे कुठल्या आज्ञेत बसतं? फादरला सांगायचं तरी काय – चिखलाला मी रोज बोंबलाचं पाणी पाजलं?

तर मग सांगून टाकायचं. सांगितलं की पंधरापट खोटं ठरणार, बांध वाचणार. इनासचा बांध... उधाण आलं की ताटावरून उठून कुदळ घेऊन पळायचा. लग्नाच्या दिवशीसुद्धा – वऱ्हाड जेवतंय, नवरी फुलं धरून उभी, आणि नवरा नव्या सुटाची विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिंबोऱ्यांची बिळं बुजवतोय. तो गेला तेव्हा सगळा गाव म्हणाला, बांध राख गं, तीच त्याची आठवण. तीन पावसाळे ती दुखऱ्या गुडघ्यांनी ती आठवण लिंपत होती.

"आंटी," श्रियाने सुई काढली, "खरं सांगा हां. या रिंगमध्ये तुम्ही काय टाकता का? एवढा आकडा येऊच नये. सर मला फाडून खातील."

जॉर्जिनाने तोंड उघडलं. सगळं जिभेवर तयार होतं.

"चहा घेशील ना, बाय?"

आत येऊन तिने आधण ठेवलं. चहा उकळेपर्यंतची मुदत, मग कप द्यायचा आणि सांगायचं... पोरीचं काम आहे ते, तिचं नुकसान कशाला. सांगायला काय, सोपंच होतं. खरं बोलायचं, आणि वर बांधही शाबूत. मग मध्येच चहा का काढला? तिने स्वतःलाच दटावून विचारलं, आणि उत्तर इतक्या पटकन आलं की तिने दचकून दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही – तिला तो बांध नको होता. कधीच नको होता. एवढी वर्षं त्या मातीच्या सवतीची उठबस केली, आणि विधवा झाल्यावरही तिचीच सेवा...

तिला हसू फुटलं. पदर तोंडाशी धरूनही आवरेना. चहा उकळून काळा होत चालला होता, बाहेर पोर वाट बघत होती, आणि जॉर्जिनाला आता कळेना, सांगायचं ते नेमकं कुठलं – बोंबलाच्या पाण्याचं, की बांधाचं.