विषुववृत्तावरचा फोटो

भैरवीने मोबाइल टीव्हीला जोडला आणि हिरव्या डोंगरांच्या मधोमध लांबवर पसरलेलं किटो पडद्यावर उमटलं. अल सद्द वस्तीतल्या मंडळींचा ग्रुप इक्वाडोरची ही राजधानी बघून नुकताच दोहाला परतला होता. वरच्या मजल्यावरची भैरवी मुद्दाम फोटो दाखवायला खाली अजराकडे आली होती, कारण अजरा सहलीला गेली नव्हती. नवऱ्याला, उस्मानला, मात्र तिनेच बळेबळे पाठवलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी, शफा, गेल्या रमजानात तापाने गेली. तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलत.

"थंडी फार होती. उंचीमुळे डोकं दुखायचं," सहलीबद्दल उस्मानने एवढंच सांगितलं होतं. आताही तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता.

जुन्या शहरातली चर्चं झाली, केबल कारमधून दिसणारा ज्वालामुखी झाला. मग शहराबाहेरचं विषुववृत्त आलं. जमिनीवर आखलेली लाल रेघ, पर्यटकांच्या खेळातलं, खिळ्याच्या डोक्यावर उभं राहिलेलं अंडं आणि शेजारी दोन्ही हात वर करून हसणारा उस्मान. डोळे मिटेपर्यंत हसणारा.

भैरवीने घाईने पुढचा फोटो लावला.

"थांब. मागचा लाव," अजरा म्हणाली.

भैरवीने तो लावला, मोबाइल टीपॉयवर ठेवला आणि चहाचं बघते म्हणून स्वयंपाकघरात गेली.

अजरा उठून टीव्हीजवळ उभी राहिली.

"सगळे आग्रह करत होते," उस्मान म्हणाला. मग खाली बघत पुढे म्हणाला, "खोटं कशाला बोलू? तेवढा वेळ शफाची आठवणच नव्हती मला. बसमध्ये बसल्यावर आली. मग दिवसभर कुठेच उतरलो नाही."

अजराने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तुम्ही नव्हतात तेव्हा नफिसा मला बळंच अल वक्राच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. माझ्याबरोबर शाळेत शिकवते ती. तिथे मी हसले. मोठ्याने. घरी आल्यावर स्वतःचाच इतका राग आला. तुम्हाला सांगायचं धाडस होईना."

उस्मानने मान वर केली.

भैरवी चहा घेऊन आली तेव्हा टीव्हीवर फोटो तोच होता. खुर्ची रिकामी होती. दोघं सोफ्यावर शेजारी बसली होती.

"पुढचे लावू?" तिने हळूच विचारलं.

"लाव," अजरा म्हणाली. "पण सावकाश. एकेका फोटोचं हे सांगतील."