धुलाईवाल्याच्या काळ्या सोंगट्या

धुलाईवाल्याच्या दुकानावर ‘पांढऱ्याची खात्री’ अशी पाटी होती आणि बुद्धिबळात मात्र नऊ वर्षं त्याच्या वाट्याला काळ्या सोंगट्या येत होत्या. ही थट्टा नशिबाची नव्हती, थोरल्या साडूची होती. सासरे जाताना सांगून गेले होते, की माझ्या पुण्यतिथीला दोन्ही जावयांनी वर्षातून एक डाव खेळायचा आणि जिंकेल त्याच्या घरी माझा संच राहायचा. म्हातारा मोठा मिश्कील. जिवंतपणी दोघांना हरवून कंटाळला, म्हणून जाताना दोघांना एकमेकांवर सोडून गेला.

थोरल्या साडूचं चष्म्याचं दुकान. पहिल्याच वर्षी त्याने ‘थोरल्या जावयाचा मान’ असं म्हणत पांढऱ्या सोंगट्या आपल्यापुढे ओढल्या आणि डाव जिंकला. तेव्हापासून संच त्याच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात विराजमान होता.

संच नाही याचं धुलाईवाल्याला दुःख होतं, पण खरं सांगायचं तर काळ्या सोंगट्यांनी त्याची लाज राखली होती. पहिली चाल पांढऱ्याची, मग काळ्याने करायचं तरी काय? मात झाली की परतीच्या वाटेवर तो ठरलेलं वाक्य म्हणायचा, “पांढऱ्या मिळाल्या असत्या तर दाखवलं असतं.” मग वर्षभर हे वाक्य गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना आणि कुणीच नसलं तर इस्त्रीला ऐकवलं जाई. नाचता येईना अंगण वाकडं, हे बायकोच्या ओठांवर नऊ वर्षं आलं होतं आणि नऊ वर्षं तिने गिळलं होतं.

यंदा तिने गिळलं नाही, ती थेट बहिणीकडे गेली. दुसऱ्या दिवशी साडूचा फोन आला, “अरे, यंदा पांढऱ्या तू घे.”

धुलाईवाल्याने फोन ठेवला.

“मिळाल्या ना पांढऱ्या?” बायको म्हणाली. “आता हरलात तर या घरात पुन्हा पांढऱ्या-काळ्याचं नाव काढायचं नाही. कबूल?”

“कबूल,” तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने दोन शर्टांच्या कॉलरी जाळल्या.

डावाच्या आदल्या दिवशी तो संच धुवायला घेऊन आला. साडूच्या तेलकट बोटांनी पांढऱ्या सोंगट्या पिवळ्या पडल्या होत्या. एवढ्या वर्षांनी पांढरं मिळतंय, तर ते पांढरं तरी असावं! धंद्यातला पहिला नियम म्हणजे पांढरं वेगळं, रंगीत वेगळं. हा नियम तो झोपेतही पाळायचा. पण त्या दुपारी डोक्यात प्यादी दोन-दोन घरं पळत होती, आणि त्याच नादात त्याने अख्खा डबा सोड्याच्या गरम पाण्यात उपडा केला. काळ्या सोंगट्या सासऱ्यांनी घरीच शाईने रंगवल्या होत्या, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तास उलटून गेला होता. टबातून बत्तीस राखाडी सोंगट्या निघाल्या. राजेही राखाडी, प्यादीही राखाडी.

“मुद्दाम केलंत,” बायको म्हणाली.

“शप्पथ नाही!”

मुद्दाम केलं नव्हतंच. आता त्याची त्याला स्वतःला पुरती खात्री पटत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

डावाला बसल्यावर साडूने एक घोडा चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला, खिडकीपाशी नेऊन पाहिला. “यातल्या तुझ्या कुठल्या?” त्याने विचारलं. बायकोने साडूच्या हातून घोडा काढून घेतला, कपड्यांना खुणेसाठी बांधायचा लाल दोरा पिशवीतून काढला आणि सोळा सोंगट्यांच्या गळ्यात गाठी मारल्या. “दोरा नाही त्या पांढऱ्या. बसा,” ती म्हणाली.

पहिल्या बारा चाली धुलाईवाला असा खेळला, की साडू कपाळ पुसायला लागला. तेराव्या चालीला समोर एक प्यादं फुकटात दिसलं. फुकट ते पौष्टिक म्हणून त्याने घोडा उचलला आणि प्यादं मारलं. त्या घोड्याच्या आडोशालाच त्याचा वजीर उभा होता. साडूच्या उंटाने वजीर खाल्ला आणि आणखी पाच चालींत मात झाली.

सगळे धुलाईवाल्याकडे बघत होते. सबब जिभेवर धुऊन, इस्त्री करून तयार होती. ह्या पांढऱ्या कुठे होत्या? त्याने बायकोकडे पाहिलं. ती पटाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा त्याच्याहून पडला होता.

“हरलो,” तो म्हणाला. “वजीर मीच उघडा टाकला. चूक माझी.”

त्याचे कान तापले. एवढं साधं बोलायला नऊ वर्षं लागली, याची त्याला भयंकर लाज वाटली. साडू सोंगट्या डब्यात भरायला लागला.

निघताना दारात मेव्हणी म्हणाली, “चला, पांढऱ्यांचा प्रश्न एकदाचा मिटला!”

बायको चपला घालता घालता थांबली.

“कसला मिटला, ताई? राखाडी होत्या त्या. पांढऱ्या मिळाल्या असत्या तर यांनी दाखवलं असतं.”