आशाबाईचा रकाना

सुलेखाला एक खोड होती. कुणाच्याही घरी गेली की वहीत दोन रकाने पाडायची: एकात आजारी माणसानं स्वतः दिलेली उत्तरं, दुसऱ्यात त्याच्या वतीनं इतरांनी दिलेली. शहरातल्या दवाखान्यात बारा वर्षं समाजसेविका म्हणून काढल्यावर तिचा हिशेब पक्का झाला होता. आजारी माणूस एक, त्याच्या तोंडाचे मालक सरासरी तीन.

चितेगावात आशाबाईच्या घरी ती पोचली तेव्हा सर्जेरावांनी खुर्ची मांडून, पंखा लावून ठेवला होता. उत्तरंही तयार होती. आशाबाई त्यांची विधवा भावजय, मूलबाळ नाही. आठ महिन्यांपूर्वी पैठण रोडवर मोटारसायकलची धडक बसून तिच्या डोक्याला मार लागला होता. आता कोर्टातून तिचं पालकत्व घ्यायचं, तिला आपल्याकडं न्यायचं आणि या घराला कुलूप लावायचं, असं सर्जेरावांनी ठरवलं होतं. तिला काही समजत नाही, एवढं सुलेखाच्या अहवालात आलं की झालं. घर रस्त्याला लागून होतं, हे खरं. दोनदा गॅस चालू राहिला होता, हेही खरं. त्यांच्या काळजीत कशाचा वाटा किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

महिन्यापूर्वी दवाखान्यात पहिला फॉर्म सुलेखानंच भरला होता. नवऱ्याचं नाव काय? उत्तर नाही. कुठं राहायचंय? उत्तर नाही. आशाबाई पदर ओढून फरशीकडं बघत बसली होती. 'प्रतिसाद नाही', सुलेखानं लिहिलं होतं. आजची भेट म्हणजे त्यावर नुसतं शिक्कामोर्तब.

"आशाबाई, कसं वाटतंय?"

"बरं हाय तिला," सर्जेराव म्हणाले.

"जेवण जातं का?"

"जातं की. पर खाल्लेलं ध्यानात ऱ्हात नाय."

दुसऱ्या रकान्यात सहा रेघा झाल्या, पहिला कोराच. तेवढ्यात सर्जेरावांचा फोन वाजला. आत रेंज नव्हती, म्हणून ते रस्त्यावर गेले. पदर वर झाला.

"बाई, च्यात साखर कमी का जास्त?"

सुलेखाचा पेन थांबला. "तुम्ही बोलता?"

"म्हंजी? मुकी वाटले व्हय?"

"मग दवाखान्यात का नाही बोललात?"

"थोरले दीर बसल्यावर कसं बोलावं? पस्तीस वर्षं नाय बोलले. डोकं फुटलं म्हणून रीत बी फुटली का?"

"आणि मालकांचं नाव?"

"ते तर घ्यायचंच नसतं." आशाबाईनं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. खाली 'कै. कडुबा' लिहिलं होतं. "लिवलंय की. तुमाला वाचता येतं ना?"

सुलेखाचे कान तापले. गावी, लासूर स्टेशनला, तिची स्वतःची आई थोरल्या दिरासमोर आजही तोंड उघडत नाही. आणि ही बारा वर्षांची जाणकार!

तिनं दारात जाऊन सर्जेरावांना अर्धा तास बाहेरच थांबायला सांगितलं.

"एकटीला काय इचारता, मॅडम? भिताड बोलंल, ती नाय."

"बघू की, भिताड काय म्हणतं."

चहा उकळेपर्यंत सुलेखानं एकेक गोष्ट सावकाश सांगितली. इथं राहिलं तर काय, तिकडं गेलं तर काय, आणि गॅसचं काय. आशाबाईनं चहा गाळला, कप आणून ठेवले. शेगडी मात्र तशीच पेटलेली. सुलेखाचा हात पुढं झाला, पण तिनं तो आखडला. शेगडी दोन पावलांवर होती.

"सांगा बरं, मी काय सांगितलं?"

"हितं ऱ्हाले तर माझं घर, माझी माणसं. तिकडं गेले तर आयतं ताट, पर हितं कुलूप. अन् अजून कायतरी बोललात..." आशाबाईचं बोट कपाळावरच्या व्रणावरून फिरलं. "गेलं डोक्यातून."

"मागं बघा."

आशाबाईनं वळून पाहिलं. उठली, शेगडी बंद केली, तिथंच उभी राहिली. "हेच. हे मला झेपत नाय, बाई. इसरते."

"मग काय करायचं?" विचारून सुलेखा गप्प बसली. ते तिला सगळ्यात जड गेलं. बाहेरून कंपनीची बस गेली.

"शेगडी जाऊ द्या त्यांच्याकडं," आशाबाई म्हणाली. "मी नाय जायची."

सुलेखानं सर्जेरावांना आत बोलावलं. पदर खाली आला. झालं, आता पुन्हा तेच, असं सुलेखाला वाटलं. पण आशाबाई तिच्याकडं तोंड करून, ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "बाई, त्यांना सांगा, शेगडी अन् गॅसची टाकी घेऊन जावा. दोन टाइम डबा पाठवा. मी हितंच ऱ्हाते."

सर्जेराव चार हातांवर होते. छताकडं बघत त्यांनी सुलेखालाच विचारलं, "तिला इचारा, च्या कशावर करनार?"

"सांगा, शेजारी रूपालीकडं पिते. तशी बी रोज बोलावती."

"म्हणावं, आमची भाजी लई तिखट असती."

"म्हणावं, ठाऊक हाय. पस्तीस वर्षं सणावाराला खाल्लीच की."

सर्जेरावांनी मिशीवर हात ठेवून हसू दाबलं. मग थोडं घुटमळून म्हणाले, "अन् कागदाचं, मॅडम?"

सुलेखानं जुना फॉर्म काढला. 'प्रतिसाद नाही' वर आडवी रेघ मारून खाली लिहिलं: कुठं राहायचं ते स्वतः ठरवू शकतात. स्वयंपाकासाठी मदत हवी. पहिली चौकशी दिरांसमोर केली, ती चूक माझी. सही केली.

सर्जेरावांनी ते दोनदा वाचलं. मग शेगडीची नळी सोडवायला वाकले.

"बाई," पदराआडून आवाज आला, "त्यांना सांगा, आधी टाकी बंद करा म्हणावं."