दातातली कीड

"निघाली! कीड निघाली!"

अमेरिकेतल्या चँडलरमध्ये आमच्या मित्राच्या, कृष्णाच्या, बॅकयार्डात पन्नासेक माणसं एका परातीत डोकावत होती. परातीतल्या पाण्यात बारीक, पांढरे, वळलेले किडे तरंगत होते. ते म्हणे माझ्या नवऱ्याच्या, संजीवच्या, दाढांतून निघाले होते. बघणारे बहुतेक सगळे कॉम्प्युटर चिप बनवणारे इंजिनिअर. ऑफिसात धुळीचा एक कण सापडला तर त्याचा पिच्छा सोडत नाहीत. इथे हात जोडून उभे होते.

परातीत मधोमध वीट, विटेवर बार्बेक्यूवर तापवलेला तवा. गावोगावी दातांची शिबिरं घेत फिरणारे गुरुदत्तशास्त्री त्यावर चिमूटभर औषध टाकत, रुग्णानं तोंड उघडून धुरावर वाकायचं आणि वरून टॉवेल.

"डायबिटीस आहे ना?" शास्त्री गरजले. "मग तोंडात साखर झिरपणारच! साखरेला मुंग्या, तशी दाताला कीड! डेंटिस्ट काय करतो? खरवडून दात खिळखिळे करतो. आमची धुरी बसली की कीड स्वतःहून शरण येते!"

परतताना गाडीत संजीव म्हणाला, "डेंटिस्टकडचं ते हिरड्यांखालचं डीप क्लीनिंग कॅन्सल केलं मी. दुखायचं थांबलंय यार."

"आणि हिरड्यांतलं रक्त? डेंटिस्ट म्हणाली होती, शुगर इतकी वाढलेली असताना थांबू नका."

"सुलेखा, तू स्वतः कीड पाहिलीस ना?"

पाहिली होती, तीच तर पंचाईत. आपली भाषाच म्हणते, दात किडला. शब्दात किडा आहे, मग दातातही असणारच, एवढ्यावर शिकलेल्या माणसाचा विश्वास बसतो. मला त्याचा भयंकर राग आला होता.

दोन आठवड्यांत संजीवचा गाल सुजला, ताप भरला. तरी त्याचा हट्ट, "आधी दुसरी धुरी, मग डॉक्टर." मी शेजारच्या दीपाच्या वडिलांना, अनिलकाकांना, सोबत घेतलं आणि आम्ही पुन्हा कृष्णाच्या बॅकयार्डात शास्त्रींकडे गेलो. काका रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक, स्वतः डायबिटीसचे जुने पेशंट.

"आधी मी बसतो," काका म्हणाले. धुरी झाली, टॉवेल निघाला. परातीत किडेच किडे!

"बघा!" शास्त्री म्हणाले. "काकांच्या दाढा पार पोखरल्या होत्या!"

काकांनी शांतपणे वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही टेबलावर ठेवल्या. बोळक्या तोंडानं म्हणाले, "कुठल्या दाढा, शास्त्रीबुवा?"

कुणाला हसावं की नाही कळेना. काकांनी पाणी बदलायला लावलं, शास्त्रींच्या डबीतली चिमूट तव्यावर टाकली आणि सगळ्यांना लांब उभं केलं. तडतड झाली. पाण्यात तेच किडे.

"भुईरिंगणीच्या बिया," कवळ्या पुन्हा बसवून काका म्हणाले. "तापल्या की फुटतात, आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. टॉवेलखाली कोण बघतंय? याला तोंड लागतच नाही."

"पण काका, माझं दुखणं थांबलं ते?" संजीवनं विचारलं.

"नस मेली की दुखणं थांबतं. पू थांबत नाही. शुगर वाढली की हिरड्या सडतात, हिरड्या सडल्या की शुगर आणखी चढते. मला हे दात गेल्यावर कळलं. तू आत्ता ऊठ."

शास्त्री "श्रद्धेचा अपमान" असं पुटपुटत डबी आवरू लागले. कृष्णा काकांवरच चिडला, "काका, घरी आलेल्या पाहुण्याला असं तोंडघशी पाडतात का?" मी संजीवला गाडीत घातलं आणि थेट इमर्जन्सी गाठली.

पू गळ्याकडे उतरला होता. आणखी उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता, असं सर्जन म्हणाले. गळ्याला छेद देऊन पू काढला, डाव्या बाजूच्या दाढा काढल्या. संजीव वाचला.

तो अजून पेजच पीत होता, तेव्हा मित्रमंडळींच्या ग्रुपवर मेसेज आला: शास्त्रीजींचं पुढचं शिबिर ईडन प्रेरी गावी, जागा भरल्या. खाली कृष्णानं हात जोडलेला इमोजी टाकला होता. मी फोन आपटला.

म्हणून हे लिहिते आहे. डायबिटीस असेल तर ब्रश करताना आलेलं रक्त थुंकून विसरू नका. शुगर आटोक्यात ठेवा, डेंटिस्टला शुगरचा आकडा सांगा, हिरड्या तपासून घ्या, सांगितलेलं क्लीनिंग टाळू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी तो तुमच्याशिवाय करून दाखवायला सांगा. एवढं एक त्या बॅकयार्डातल्या पन्नास जणांपैकी एकानं सांगितलं असतं, तर माझा नवरा आज दोन्ही बाजूंनी जेवला असता.